सव्वीस मोटारींची ओहोटी

हिराला सातवा लागला अन तिला डोहाळा लागला तो वामेचा.

आता डोहाळे कुणाला लागत न्हाईत? कुणाला चिंच लागती, कुणाला कैरी. महाळुंग्याच्या एका सुनेला तर मातीचा डोहाळा लागला व्हता, तिनं सासऱ्याच्या घराची मागची भित खाल्ली. सासरा सकाळी अंथरुणात उठून बसतो तर समोर थेट गोठा, अन म्हैस त्याच्याकडं बघतीया. खोटं वाटत आसंल तर जाऊन बघा, भित आता शिमिटाची हाय.

पण वाम म्हंजे काय परसातली चिंच न्हाई. ती ऱ्हाती डोहाच्या तळाला, दगडाच्या कपारीत. सापासारखी लांब, लोण्यासारखी गुळगुळीत. गळाला लागली तरी शेपटीचा येढा दगडाला मारून बसती, अन मग तुमी ओढा न्हाईतर बैलजोडी जुपा, दोरी तुटंल पण वाम येणार न्हाई. बाजारात चिलापी मिळती, रोहू मिळतो, वाम दिसत न्हाई. हिराची आई तुकाबाई मंचरला जाऊन आली, घोडेगावला जाऊन आली, पार कळंबच्या पुलाखाली भोयांच्या पालावर बसून आली. वाम न्हाई ती न्हाईच.

तुकाबाईची वस्ती महाळुंगे पडवळच्या खाली, घोड नदीच्या बंधाऱ्यावर. बंधाऱ्याच्या मागं पाणी तुंबतं त्याला रांजणडोह म्हणायचे. तिचा नवरा जानकू. बापआज्यानं मेंढरं राखली, ह्यानं मेंढरं इकून कांदा लावला. पण मेंढरामागं हिंडायची खोड पायातनं गेली न्हाई, म्हणून हा माशांमागं हिंडायचा. आठ दिस झाले, जानकू गळ टाकून डोहावर बसला व्हता, अन आठ दिस घरात चिलापीचं कालवण चाललं व्हतं. हिरा ताटाकडं बघायची अन तोंड फिरवायची.

"आई, मला वाम पायजे. आपल्याच डोहातली. त्या हौशीरामाच्या पाण्याच्या मोटारीपाशी लई मोठी हाय, मी ल्हानपणी बघितली व्हती."

"अगं, ती आता म्हातारी झाली आसंल."

"मग मऊ शिजंल."

काय बोलायचं सांगा.

त्यात ओतूरवरनं विहिणीचा फोन आला. घरात एकच मोबाईल, तो रेंजसाठी खिडकीच्या गजाला टांगलेला. बोलायचं म्हंजे खिडकीला कान लावून उभं ऱ्हायचं. पलीकडनं लंकाबाईचा आवाज असा यायचा की फोन नसता तरी चाललं असतं.

"विहीणबाई, पोरीचा डोहाळा पुरवला का?"

"चाललंय की. ह्यांनी गळ टाकलाय."

"आठ दिस झालं गळ टाकून. गळ हाय का बी पेरलंय?" लंकाबाई म्हणली. "हे बघा, आमच्या घराण्यात डोहाळा राह्यलेला न्हाई. डोहाळा राह्यला की पोराचा कान फुटतो, जन्मभर वाहत ऱ्हातो. मी बुधवारी येते. तवर पोरीनं वाम खाल्ली तर बाळंतपण तुमच्याकडं. न्हाई खाल्ली तर मी हिराला संगं घेऊन जाते. आमच्या दारात सांगाल ती मासळी येती."

तुकाबाईनं फोन बंद केला. एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण. डिंक निवडून ठिवलेला, खारका कुटलेल्या, बाळाला तीन गोधड्या शिवून झालेल्या. त्यातली एक तर इतकी मऊ की मांजर तिच्यावरनं हलायचं न्हाई. अन हे समदं सोडून लेक जायची ओतूरला, एका माशापायी?

तिनं तिथंच उभ्या उभ्या दुसरा नंबर लावला. सोमाजीचा.

हा सोमाजी खाडीकाठचा, कल्याणच्या पलीकडचा. मेंढरं व्हती तवा जानकू अन तुकाबाई दर सालाला माळशेज उतरून खाली जायचे, अन सोमाजीच्या भातखाचरात मेंढरं बसवायचे. लेंडीखत त्याला, चारा ह्यांना. तुकाबाईनं त्याला भाऊ मानलेलं. शेती करता करता तो खाडीत जाळं लावायचा, अन रातच्याला शेकोटीपाशी सांगायचा की एकदा एवढा जिताडा लागला, एवढा जिताडा लागला की त्याला होडीत घ्यायच्या ऐवजी सोमाजीच त्याच्यावर बसून घरी आला.

"दादा, वाम धरून देशील का?"

"बाय, पाण्यात आसंल ते समदं धरून देतो. फकस्त भरती कवा येते ते सांग."

"नदीला कुठली भरती?"

"येते म्हणजे येते. पाणी कुठलंबी आसू दे, ते चढतं अन उतरतं. मी रविवारी येतो."

रविवारी सोमाजी आला. पोत्यात जाळं, खांद्यावर काठ्या. जाळ्याला खाडीचा असा वास की कल्याणला एस्टी गच्च भरलेली, माळशेजला निम्मी झाली, अन ओतूरला पोचली तवा गाडीत सोमाजी, कंडक्टर अन ड्रायव्हर. कंडक्टरनं तोंडाला रुमाल बांधलेला, ड्रायव्हरचं डोकं खिडकीच्या भाहेर.

जानकूला काही हे पावणं रुचलं न्हाई. आपल्या डोहात दुसऱ्यानं मासा धरायचा म्हंजे आपल्या मिशीला दुसऱ्यानं तेल लावायचं. चहा झाल्या झाल्या दोघं ओट्यावर आपापली हत्यारं मांडून बसले.

जानकूचं सामान घरचंच. कळकाची काठी, ओतूरच्या दुकानातली तंगूस दोरी, वजनाला मोटारीचा जुना नट, अन पाण्यावर तरंगायला सपातीच्या तुकड्याची तरंगी.

"सपात कुणाची?" सोमाजीनं तरंगी हातात घेऊन इचारलं.

"हिची. तुकाची."

"मग मासा घाबरणारच की राव! डोक्यावर बायकोची सपात तरंगतीया म्हणल्यावर तुमी तरी वर आला असता का?"

जानकूनं तरंगी हिसकून घेतली. "अन तुमचा ह्यो गळ? ह्याला काय मासा लावायचा का बैल बांधायचा?"

"जिताड्याचा गळ हाय."

"हितं जिताडा न्हाई. हितली वाम त्यातनं उडी मारून पलीकडं जाईल अन परत येऊन बघंल, ह्यो कसला झोका."

तुकाबाईनं आतनं पातेलं आपटलं. "बुधवारी लंकाबाई येतीया. मासा धरा, मग एकमेकाची मापं काढा!"

सोमाजीनं आपली युगत सांगितली. डोहाच्या कडंला, हौशीरामाच्या मोटारीजवळ, उथळ खडकाची पायरी व्हती. तिथं अर्धगोल काठ्या रोवायच्या. जाळं काठ्यांच्या बुडाशी निजवून ठिवायचं. भरती आली की बारके मासे, बेडकं पायरीवर येतात. त्यांच्या मागं मोठा मासा येतो. मग जाळं हळूच वर उचलायचं, अन ओहोटी लागली की मासा आत अन पाणी भाहेर.

"गळाचं काम घाईचं न्हाई अन जाळ्याचं काम जोराचं न्हाई," सोमाजी म्हणला. "काम सगळं पाण्याचं. आपण नुस्तं वेळेवर हजर ऱ्हायचं."

"अन वेळ कशी कळंल?" तुकाबाईनं इचारलं.

सोमाजीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तिथी बघितली, बोटं मोजली. "उद्या दुपारी एकाला भरती."

सोमवारी दुपारी एकाला पाणी चढायचं सोडून वीतभर उतरलं. जानकूला इतका आनंद झाला की त्यानं सोमाजीला स्वतःच्या हातानं तंबाखू मळून दिली.

"पावणं, तुमचा चंद्र घाट चढताना दमला जणू."

पण सोमाजी बी हट्टी गडी. त्यानं एका काठीवर इळ्यानं खाचा पाडल्या, काठी पाण्यात रोवली अन तिच्यापुढं बसून राह्यला. सांजच्याला तुकाबाई भाकरी घेऊन गेली तर हा हरखलेला.

"बाय, बघ! चार वाजल्यापासून पाणी चढतंय! दोन खाचा चढलं! म्हणलो नव्हतो, भरती हाय म्हणून?"

तुकाबाईनं काठीकडं बघितलं. मग पलीकडच्या काठाकडं बघितलं. डोहाच्या दोन्ही अंगाला मोटारी बसवलेल्या, त्यांचे पाईप पाण्यात सोंडा सोडल्यासारखे. समद्या गप.

"दादा," ती म्हणली, "चाराला लाईट गेली."

"मग?"

"ह्या आठवड्यात शेतीची लाईट सकाळी आठ ते चार. आठाला लाईट येती, मोटारी पाणी वढत्यात, डोह उतरतो. चाराला लाईट जाती, वरनं झिरपून डोह भरतो. तुजी भरती चंद्रावर न्हाई, लाईटीवर हाय."

सोमाजीनं तोंडातली तंबाखू थुकली अन वर तारांकडं बघितलं. सन दोन हजार सहाचं भारनियमन ते. त्यानं लोकांची लगीनं पुढं ढकलली व्हती, पण समुद्राचं काम बी तेच करतं हे सोमाजीला नवीन व्हतं. मग एकदम मांडी थापटली. "मग तर लईच बेस! चंद्राला इचारता येत न्हाई, वायरमनला इचारता येतं."

मंगळवारी सकाळी आठाच्या आत दोघं डोहावर हजर. पाणी काठोकाठ. सोमाजी जाळ्याची दोरी धरून, जानकू वरच्या खडकावर गळ टाकून. गळाला त्यानं जित्ता बेडूक लावलेला. आठाला लाईट आली. सगळ्यात आधी हौशीरामाची मोटार सुरू झाली. दहा हार्सची मोटार, वर ऑटो लावलेला. लाईट आली की आपोआप चालू, मालक झोपलेला आसला तरी. ती धडधडली तशी दगडाखालनं अर्धी भाहेर आलेली वाम झटदिशी माघारी. जानकूनं डोळ्यानं बघितली.

"माझ्या मांडीएवढी हाय!" तो वरडला.

"तुमची मांडी काठीएवढी हाय," सोमाजी म्हणला. "मोठी हाय का बारकी तेवढं सांगा."

मग साडेआठाला एकानं मोटार लावली. नवाला चहा पिऊन दुसऱ्यानं. दहाला तिसरा आला, त्याला स्टार्टरची किल्ली सापडंना. पाणी उतरलं खरं, पण असं सवडीनं की मासे बी सवडीनं खाली गेले, जाळ्यात राह्यलं एक खेकडं अन एक बेडूक, अन बेडूक जानकूच्याच गळाचा, सुटून आलेला.

तुकाबाई भाकरी घेऊन आली तवा सोमाजी डोक्याला हात लावून बसलेला. "बाय, आमच्या खाडीला चंद्र एक हाय. तो आला की समदं पाणी एकदम हालतं. तुमच्या डोहाला चंद्र किती?"

"सव्वीस," तुकाबाई म्हणली. मोटारी तिनं मोजल्याच व्हत्या.

"सव्वीस चंद्र, अन एक बी वेळेवर उठत न्हाई! समद्यांनी आठाला गप ऱ्हायचं, अन मी सांगितलं की एका दमात मोटारी लावायच्या. तरच ती वाम पायरीवर कोरडी पडंल. न्हाईतर पोरीला म्हणावं, ओतूरची पिशवी भर."

जानकू हसला. "दर सालाला पाण्यावरनं डोकी फुटत्यात हितं. मे महिन्यात कोण मोटार बंद ठिवंल?"

तुकाबाई घरात गेली. मूठभर तांदूळ कुंकवात घोळले, वाटीत घेतले, डोक्यावर पदर घेतला अन वाडीवस्ती करत निघाली. अक्षत घेऊन बाई दारात आली की तिला न्हाई म्हणायचं नसतं, हे बारक्या पोराला बी ठावं.

"उद्याला आमच्या हिराचा डोहाळा हाय. यायचं."

"यीन की. जेवायला का?"

"मोटारीवर यायचं. आठाला लाईट आली तरी लावायची न्हाई. मी काठावरनं लाल टॉवेल हलवला की मग लावायची. समद्यांनी एकदम."

लोकं पहिल्यांदा हसायची. मग वाटीतल्या अक्षतांकडं बघायची. मग घरातली म्हातारी आतनं म्हणायची, "डोहाळ्याला आडवं जाऊ नको रं." दुपारपातूर पंचवीस मोटारी झाल्या. राह्यला हौशीराम.

हौशीराम म्हंजे जुना जमीनदार, टोमॅटो चार एकर. बोलायला लागला की समोरच्याला वरडावं लागायचं, कारण डाव्या कानात जन्मापासनं कापसाचा बोळा.

"तुकाबाई, टोमॅटो लाल झालेत. एक मिनिट पाणी बंद न्हाई व्हणार. अन डोहाळे-बिहाळे मी मानत न्हाई."

"काय मानत न्हाईस?" आतनं आवाज आला. हौशीरामाची आई साळुबाई उंबऱ्यावर आली. नव्वदीची म्हातारी, पण नजर अशी की उडत्या कावळ्याचं वजन सांगायची.

"आये, डोहाळे."

"तू माझ्या पोटात व्हतास," साळुबाई म्हणली, "तवा मला हुलग्याचं शेंगुळं खावं वाटलं. तुझ्या आत्यानं हुलगं कुलपात ठिवलं. दिलं न्हाई. लाव हात कानाला! लाव! काय हाय तिथं?"

हौशीरामाचा हात आपोआप बोळ्याकडं गेला.

"पंचावन्न वर्सं मी तुझा कान पुसतीया. आता दुसऱ्याच्या पोराचा फोडतोस? आण गं ती अक्षत हिकडं." म्हातारीनं अक्षत घेतली अन लेकाच्या डोक्यावर टाकली. "ऑटो काढून ठिव आजच."

बुधवारी सकाळी असा डोह कुणी बघितला नव्हता. दोन्ही काठाला सव्वीस माणसं, आपापल्या स्टार्टरपाशी, हात बटणावर. कुणी खोकंना. लाईट आली ते कळलं, कारण वायरमन गेणू डीपीपाशी, म्हंजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, सायकल टेकून उभा व्हता अन त्यानं हात वर केला. पण एक मोटार लागली न्हाई. पाणी काचेसारखं. पायरीवर मळवं, बारकी मासळी, खेळायला आली. एक बेडूक आला. दुसरा आला.

तुकाबाई काठावर. एका हातात लाल टॉवेल, कडंला पाटीत चुलीतली राख. सोमाजी गळ्याइतक्या पाण्यात, नुस्तं डोकं वर, वर टोपी. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, टोपी वाहत आलीया. जानकू खडकावर, तंगूस बोटाला गुंडाळून.

गेणू तुकाबाईपाशी आला अन हळूच म्हणला, "मामी, एक सांगू का? समद्या मोटारी एकदम लावू नका. डीपी—"

"शूऽ!"

"अवो पण लोड—"

"गेणू, वाम भाहेर येतीया. बोललास तर तुलाच गळाला लावीन."

अन खरंच ती आली. दगडाखालनं आधी तोंड आलं, मग अंग येतच राह्यलं. येतंय, येतंय, येतंय. पलीकडच्या काठावरच्यांनी नंतर शपथेवर सांगितलं की तोंड पायरीवर पोचलं तरी शेपूट अजून कपारीत व्हतं, अन पायरी तिथनं बारा हात. काळी, तेलकट, अंगावर पिवळे ठिपके. आधी एक बेडूक गिळला. मग जानकूचा बेडूक हुंगला. थांबली. सव्वीस माणसं थांबली.

गप्कन.

"लागली!" जानकू बोंबलला.

"टॉवेल!" सोमाजी पाण्यातनं बोंबलला अन जाळं वर उचललं.

तुकाबाईनं टॉवेल असा फिरवला की जणू मेंढरं वळवायचीत. सव्वीस बटणं एका ठोक्याला दाबली गेली. पहिल्यांदा आवाजच आला न्हाई. मग असा घुमला की बंधाऱ्यावरची कबुतरं थेट मंचरला जाऊन बसली. पाईप थरथरले, पाणी भोवरा खात मागं सराया लागलं. एक खाच, दोन, चार. पायरी उघडी पडली. अन पायरीवर वाम!

ती बी काय साधी नव्हती. पाणी सरलं तशी तिनं शेपटीचा येढा मारायला दगड शोधला. दगड गावला न्हाई, सोमाजीचा पाय गावला. सोमाजी जाळ्यासकट आडवा. जाळं जानकूच्या तंगुशीत अडकलं, जानकू खडकावरनं सरळ जाळ्यात. आता जाळ्यात दोन बाप्ये अन एक वाम, अन कोण कुणाला धरतंय पत्ता लागंना.

"माझ्या गळाला हाय!"

"माझ्या जाळ्यात हाय!"

"अवो सोडा, तो माझा हात हाय!"

तुकाबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, दोन्ही हात राखेत बुडवले अन चिखलात उतरली. राखेच्या हाताला वाम सुटत न्हाई. तिनं मानेखाली एक हात घातला, मधी दुसरा, अन वर काढली. दोन्ही काठांनी अशी आरोळी दिली की घरात बसलेल्या हिराला कळलं, कालवणाला मसाला वाटायला घ्यावा.

पाव घटका झाली आसंल. मोटारी अजून घुमत व्हत्या. अन तवा डीपी बोलला. आधी कण्हला, मग त्याच्यातनं धूर आला, मग *फाट्!* सव्वीसच्या सव्वीस मोटारी एका दमात गप. पाईपातनं पाणी माघारी गळगळलं.

गेणूनं सायकल उचलली. "तेच म्हणत व्हतो, मामी."

दुपारच्याला लंकाबाई वडापच्या जीपमधनं उतरली, हातात ओटीचं सामान, काखंत रिकामी पिशवी. हिराचे कपडे न्यायला आणलेली. अंगणात सव्वीस माणसं तोंडं पाडून बसलेली. तिला वाटलं, कोण गेलं का काय. आत येऊन बघती तर हिरा ताटावर, बोटं चाटतीया.

"खाल्ली?"

"खाल्ली."

"किती?"

"शेपटीपातूर," हिरा म्हणली अन ढेकर दिला.

तुकाबाईच्या जिवात जीव आला. तिनं विहिणीला पाणी दिलं, पाट दिला. लंकाबाई बसली, पदरानं वारा घेतला, वर बघितलं.

"पंखा लावा की."

जानकूनं सोमाजीकडं बघितलं, सोमाजीनं आढ्याकडं. शेवटी भाहेरनं हौशीराम म्हणला, "डीपी गेला. तुमच्या सुनंच्या डोहाळ्यापायी."

"मग कवा येणार?"

"दुसरा मिळायला आठधा दिस," गेणू म्हणला.

लंकाबाई उठली. "आठधा दिस? ह्या उकाड्यात, पंख्याबिगर, सातव्या महिन्यातली पोर? हिरा, भर पिशवी. आमच्याकडं लाईट हाय."

घ्या! वाम खाऊन बी लेक चाललीच. तुकाबाईच्या हातातला तांब्या तसाच राह्यला. भांडावं तर इहीण, रडावं तर अंगणात सव्वीस माणसं. डीपी आपणच टॉवेल हलवून जाळलेला. हिरा पिशवीकडं बघत उभी, पिशवी तिच्याकडं बघत.

"जावा की," तुकाबाई म्हणली. "न्हाई म्हणत न्हाई. पण उन्हाची कशाला पोरीला जीपमधी कोंबताय? उन्हं कलू द्या. तवर नदीवर बसू, तिथं वारं हाय."

जानकूनं अन सोमाजीनं बाज उचलून डोहावर नेली, करंजाच्या सावलीत टाकली. अन बघतात तर काय! सव्वीस मोटारी बंद. सकाळी उतरलेलं पाणी परत चढाया लागलेलं, अन आता त्याला वढणारं कुणी न्हाई. चारापातूर ते करंजाच्या मुळ्यांना लागलं. पाण्यावरनं वारं असं गार यायला लागलं की हिरा बाजेवर घोरायला लागली. लंकाबाईनं आधी एक पाय पाण्यात सोडला. मग दुसरा. बारकी मळवं येऊन तिच्या टाचांना टोचायला लागली.

"इश्श!" ती म्हणली. साठ वर्सांची बाई.

सोमाजीनं हातातली जानकूची गळाची काठी तिच्यापुढं केली. "विहीणबाई, जरा धरा. तंबाखू मळतो."

"मला न्हाई येत."

"यायचं काय त्यात? तरंगी बुडाली की उचला."

त्यानं तंबाखू मळली, चुना लावला, तोंडात टाकली, अन काठी परत मागाया हात पुढं केला. लंकाबाईनं दिली न्हाई. तरंगी बुडाली. लंकाबाईनं अशी उचलली की चिलापी डोक्यावरनं जाऊन करंजाच्या फांदीत अडकली. जानकूला झाडावर चढावं लागलं.

"आज उशीर झाला," लंकाबाई म्हणली. "उद्या जाऊ."

बेस्तरवारी तिनं जानकूकडनं कणकेची गोळी कशी लावायची ते शिकून घेतलं. शुक्रवारी सांगितलं, कणकंपेक्षा गांडूळ बरं. शनवारी जानकूचा नट काढून वजनाला स्वतःच्या कमरेची किल्ली बांधली. रविवारी सोमाजीला म्हणली, तुमी लई बोलता, मासे जातात. सोमाजी सोमवारी गपगुमान खाडीला गेला. जाताना जानकूनं त्याला आपली दुसरी कळकाची काठी दिली अन त्यानं जानकूला तो मोठा गळ. हिरा बाजेवरच, डोक्याला तेल, गोधडीचं उसं. आणलेली पिशवी रिकामीच, गांडुळांची माती ठिवायला कामी आली.

नवव्या दिवशी ट्रॅक्टरमधी नवा डीपी आला. गेणू खांबावर चढला. सव्वीस माणसं स्टार्टरपाशी उभी राह्यली, टोमॅटो सुकलेले, ऊस पिवळा पडलेला.

"टाकू का हँडल?" गेणूनं वरनं इचारलं.

"थांब रं!" लंकाबाई काठावरनं वरडली. तरंगी एका जाग्यावर थरथरत व्हती.

"आता ह्यो डोहाळा कुणाचा?" हौशीरामानं इचारलं.

तेवढ्यात खिडकीच्या गजाचा मोबाईल वाजला, गेणूनं मंचरला चार्ज करून आणलेला. तुकाबाई तो हातात घेऊन पळत आली, काठावर बी रेंज गावली, अन तिनं तो लंकाबाईच्या कानाला लावला. पलीकडं ओतूरवरनं लंकाबाईचा लेक, हिराचा नवरा.

"आये, कवा येतीयास? हिराला आणतीस ना?"

"हिरा कशाला येती? पहिलटकरीण हाय, आईपाशी ऱ्हाईल. बाळंत हितंच व्हईल." लंकाबाईची नजर पाण्यावरनं हलली न्हाई. "अन मी बी हितंच हाय तवर. ठिव आता, मोठी हाय."

तुकाबाईनं फोन पदरात गुंडाळला अन विहिणीच्या कडंला जाऊन बसली. पलीकडं हौशीरामानं बटणावरला हात काढला, स्टार्टरच्या पेटीला पाठ टेकून खाली बसला, अन बऱ्या कानानं हिकडं वळून म्हणला, "किती मोठी हाय, विहीणबाई?"